परमुलखातील पहिला नाताळ

शास्त्रपाठ : मत्तय २ : १३–१५, २५ : ३५.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. आईबाप १८७४ साली, भाऊ १८८० साली व पती १८८२ साली निवर्तले होते. सोबत गेलेली मैत्रीणही वाँटेज गावी मरण पावली. त्याच गावी २९ सप्टेंबर रोजी बाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ख्रिस्ती या नात्याने बाईंचा पहिला नाताळ परमुलखात आला. रक्ताचे असे जवळ दोन वर्षांची लेकच काय ती होती. आसरा दिला तो तेथील धर्मभगिनींनी.

आमचा प्रभूही बाळपणी मिसर देशी परका होता. म्हणूनच परक्याचा पाहुणचार तो स्वतःचाच मानतो.

प्रियजनहो, ज्या नवख्रिस्ती बंधूस घरच्यांनी अंतर दिले, त्यास स्वतःचे गावच परदेश होते. त्यास आम्ही केवळ उपासनेस बोलवावे आणि सणाच्या दिवशी एकट्याने जेवू द्यावे, हे शोभत नाही. उपदेशकांनी नाताळापूर्वीच अशांचा शोध घ्यावा आणि कुटुंबांनी त्यांस आपल्या पंक्तीस बसवावे.

प्रश्न : आपल्या मंडळीत यंदा पहिला नाताळ कोणाचा आहे? तो कोणाच्या घरी जेवणार?