गोदाम दारात आले, माल मात्र दुसऱ्याचा

जागतिकीकरण म्हणजे परदेशी कंपन्यांचे आगमन, अशी आपल्या व्यापारी बांधवांची सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. भिवंडीचे उदाहरण घेतले म्हणजे हे ध्यानात येईल.

1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन विणकर कुटुंबे भिवंडी, मालेगाव येथे स्थिरावली. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले आणि भिवंडी हे देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक बनले. आज त्याच भिवंडीच्या आसपास, मानकोली, काल्हेर, पडघा या भागांत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. हा भाग मुंबईच्या जकात हद्दीबाहेर होता, नाशिक महामार्ग जवळ होता, आणि 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा बंदरही फार दूर नव्हते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू होऊन मुंबईची जकात संपली. त्यानंतर प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची कंपन्यांना तेवढी गरज उरली नाही. थोड्याच ठिकाणी प्रचंड गोदामे बांधणे त्यांना परवडू लागले. 2007 मध्ये सुरू झालेल्या फ्लिपकार्टसारख्या आणि 2013 मध्ये भारतात आलेल्या ॲमेझॉनसारख्या दुकानांचा माल अशाच गोदामांतून निघतो.

म्हणजे मोठी बाजारपेठ मागाच्या कारखान्याशेजारी येऊन उभी राहिली. तरीही मागवाल्याच्या नावाचा माल तिच्यात शोधावा लागतो. असे का?

कारण पुष्कळसे मागमालक वस्तू विकतच नाहीत, मजुरी विकतात. सूत व्यापाऱ्याचे, हिशोब पिकावर, आणि विणून झाले की कोरे कापड त्याच्याच हवाली. रंग दुसरीकडे, शिक्का तिसऱ्याचा. गिऱ्हाईक दुकानात येऊन कापड चिमटीत धरून पाहत होते, दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवत होते, तोवर हे चालून गेले. आता परभणीचे गिऱ्हाईक मोबाईलवर छायाचित्र पाहते, किंमत ताडून पाहते, आधी घेणाऱ्यांचे बरेवाईट मत वाचते. ऑनलाईन विकल्या जाणाऱ्या आवेष्टित मालावर उत्पादक, आवेष्टक किंवा आयातदार यांचे नाव दाखवणे 1 जानेवारी 2018 पासून बंधनकारक झाले. 2020 च्या नियमांनी मूळ देशाचीही भर घातली. तेथे पिकाच्या मजुरीवर विणणाऱ्याला जागाच नाही.

वेगाच्या स्पर्धेत उतरण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. धोट्याचा साधा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिके टाकतो, एअरजेट सहाशेच्या वर. साध्या कापडाच्या मीटरमागे पैसे-दोन पैशांची लढाई चोवीस जुन्या माग असलेला माणूस सुरतेशी किंवा चीनशी किती काळ लढेल? त्याने तयार वस्तूकडे वळावे. चौकड्याची लुंगी, टॉवेल, रुमाल, दस्तरखान अशी वस्तू, जिच्यावर स्वतःचे नाव घालता येईल.

पण ऑनलाईन विक्री म्हणजे दलालाविना नफा, असे समजून कोणी उडी घेऊ नये. येथे हिशोब नीट करावा. समजा, लुंगी कापड, शिलाई व बांधणीसह 250 रुपयांना पडली आणि 400 ला विकली. विक्रीवरचा कर तूर्त बाजूला ठेवू. वरवर नफा 150 दिसतो. त्यातून कंपनीचे कमिशन व पाठवणी मिळून 100 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, असे 118 गेले. उरले 32. दहा लुंग्या पाठवल्या, दोन परत आल्या. आठांचे 256 मिळाले. परतीचे भाडे करासह प्रत्येकी 70 धरले तर 140 गेले, राहिले 116. परत आलेल्यांपैकी एक मळून आली, विकण्याजोगी राहिली नाही. तिचे 250 वजा करताच 134 रुपये तोटा! नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावट मिळते, तेवढाच आधार.

या हिशोबात कमिशनपेक्षा घातक आहे ती परत येणारी लुंगी. बहुधा ती परत येते छायाचित्रातला रंग आणि प्रत्यक्ष रंग जुळत नाही म्हणून, लांबी कमी भरते म्हणून, किंवा पहिल्याच धुण्यात आटते म्हणून. तेव्हा छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे. एक नग स्वतः धुऊन पाहावा आणि धुतल्यानंतरची लांबी-रुंदी लिहावी. सूत निव्वळ कापसाचे आहे की पॉलिस्टर मिसळलेले, हे स्पष्ट सांगावे. दुकानात दोष तोंडाने समजावता येत होता. येथे न लिहिलेला दोष म्हणजे परतीचे भाडे.

कराच्या बाबतीत एक सवलत अनेकांना ठाऊक नाही. पूर्वी ऑनलाईन कंपनीमार्फत माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी घ्यावी लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीच्या मर्यादेखालील विक्रेत्याला पॅनच्या आधारे पोर्टलवर नावनोंदणी करून राज्यातल्या राज्यात माल विकता येतो. महाराष्ट्रात ही मर्यादा मालासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला 40 लाख रुपये उलाढालीची आहे. कंपोझिशनवाल्यांनाही त्याच तारखेपासून राज्यांतर्गत विक्रीची मुभा मिळाली. भिवंडीहून नांदेडला लुंगी पाठवता येईल, हैदराबादला मात्र नियमित नोंदणी घेतल्याशिवाय नाही. सुरुवातीला दहा-वीस नगच घालावेत आणि पहिल्या महिन्याची परती मोजून मगच पुढचे बीम चढवावे.