मालमोटारीच्या मॅनिफोल्डाचे गंजलेले स्टड

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे माढा, माळशिरस, पंढरपूर या तालुक्यांतील रस्ते मालमोटारींनीं भरून जातात. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झाल्यावर भीमेच्या खोऱ्यांत उसाचें क्षेत्र वाढलें, व स्वतःची मालमोटार बाळगणारे बागाईतदारही वाढले. तोडलेला ऊस वाटेंत अडकला कीं त्याचें वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून गाडीची लहानशी खोडही मालकास ओळखतां आली पाहिजे. अशाच एका खोडीविषयीं येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एंजिनाच्या हेडाला एका बाजूस बिडाची जाड नळी बसविलेली असते. सर्व सिलिंडरांतील जळका धूर तींत एकत्र होऊन सायलेन्सराकडे जातो. हिलाच मॅनिफोल्ड म्हणतात. हेडांत रोवलेल्या पोलादी स्टडांनीं व त्यांवरील नटांनीं ती आवळलेली असते.

हे स्टड मोडतात कां? आपली काळी जमीन उन्हाळ्यांत आकसून भेगाळते व पावसानें फुगते, हें प्रत्येकास ठाऊक आहे. बीडही तापलें कीं वाढतें व निवलें कीं आकसतें. ७५ सेंटिमीटर लांबीची बिडाची नळी ४०० अंश सेंटिग्रेडनें तापली तर तिची लांबी ३ मिलिमीटरांहून अधिक वाढते. हेड पाण्यानें थंड राखलेलें असल्यामुळें तें तितकें वाढत नाहीं. ही ओढाताण स्टडांवर येते. आणि नळीचीं टोकें सर्वांत अधिक सरकत असल्यानें बहुधा टोकांचेच स्टड प्रथम तुटतात. गंज त्यांत भर घालतो.

खोड ओळखण्याची खूण सोपी आहे. सकाळीं थंड एंजिन सुरू करतांच टिक-टिक असा आवाज येतो व एंजिन तापल्यावर तो पुष्कळदां कमी होतो. सांध्यापाशीं काजळीचा काळा पट्टा दिसतो. टर्बो असलेल्या गाडीची चढावर ओढ कमी होते. आवाज थांबला म्हणजे खोड गेली असें समजूं नये. हा धूर विषारी असतो, तो चालकाच्या खोलींत शिरूं शकतो. आणि उष्ण झोत जवळच्या तारा व डिझेलच्या नळ्या भाजून काढतो.

कामास आरंभ एंजिन पूर्ण निवल्यावरच करावा. बॅटरीच्या तारा सोडाव्या, तारेच्या ब्रशानें गंज खरवडावा आणि गंज सोडविणारें पातळ तेल आट्यांवर सोडून एक रात्र तसेंच ठेवावें. वाफसा आल्यावांचून जाणता शेतकरी रानांत औत घालीत नाहीं. तोच धीर येथें धरावा. नट सोडवितांना पाना थोडा उलट, थोडा सुलट फिरवावा. तरीही न सुटल्यास तेल पुसून काढून गॅसच्या ज्योतीनें नट तापवावा. ज्योत डिझेलच्या नळीजवळ नेऊं नये, व पाण्याची बादली आणि वाळू हाताशीं ठेवावी.

स्टड मोडून थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर नट ठेवून आंतून वेल्डिंग करवावें. त्या उष्णतेनें गंजाची पकड सैल होते. किंचित् निवल्यावर नटासह स्टड हळूहळू फिरवून काढावा. अलीकडच्या गाड्यांत विजेची नियंत्रक पेटी असते. वेल्डिंगपूर्वीं तिच्याविषयीं कारखान्याच्या पुस्तकांत काय सांगितलें आहे तें पाहावें.

स्टड हेडाच्या आंत मोडला असेल तर काम नाजूक होतें. बरोबर मध्यावर पंच मारून प्रथम बारीक, मग मोठें भोक पाडावें. ड्रिल तिरपें गेलें तर हेडाचे आटे जातात, व फार खोल गेलें तर पाण्याची वाट फुटते. भोकांत ठोकून फिरविण्याचें हत्यार जोरानें फिरवूं नये. तें आंतच मोडलें तर कठीण पोलादामुळें त्यांत ड्रिल शिरत नाहीं. ज्याचा हात या कामास बसलेला नाहीं त्यानें येथें थांबून कसबी फिटरास बोलवावें. स्टडाची किंमत थोडी, हेडाची फार, हा हिशेब विसरूं नये.

जुनें निघाल्यावर आटे टॅपानें साफ करावे. मॅनिफोल्डाच्या बैठकीवर सरळ पट्टी धरून ती वाकलेली नाहीं ना, तें पाहावें. वाकलेली असल्यास मशिनवर सपाट करवावी. वाकड्या नळीस नवे स्टड घातले तर तेही मोडतील. बाजारांतील साधे बोल्ट घालूं नयेत. उष्णता सोसणारे, त्याच मापाचे स्टड, नवे नट व नवें गॅसकेट घ्यावें. एक मोडला असेल तरी त्याच्या जोडीचे जुने सर्व बदलणें शहाणपणाचें.

नट आवळतांना मधून आरंभ करून दोन्ही टोकांकडे जावें, व तेंही दोन-तीन फेऱ्यांत. किती आवळावें तें कारखान्याच्या पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें मोजक्या पान्यानेंच ठरवावें. हाताच्या अंदाजावर विसंबूं नये.

ही तपासणी भाद्रपदांतच उरकावी. कारखान्याच्या फाटकापुढें रांग लागल्यावर, गाडीवर ऊस वाळत असतां, धीरानें काम करण्यास कोणासच सवड मिळत नाहीं.