अँबेसिडरचं ऑईल गळतंय कुठून?

जुन्या अँबेसिडरखाली ऑईलचा डाग दिसला की गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं : "मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आमच्या गाडीचंही तेच झालं. गिअरबॉक्स उतरला, चेंबरचं पॅकिंग बदललं, भलं मोठं बिल हातात आलं आणि थोड्याच दिवसांत डाग पुन्हा त्याच जागी. खरी गळती निघाली इंजिनाच्या अगदी वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. तिथून ऑईल ब्लॉकच्या पाठीमागून ओघळायचं, बेल हाउसिंगवर उतरायचं आणि खाली टपकायचं. तो खर्च आणि मनस्ताप दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

मी बोलतोय ते १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं हे इंजिन. एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्येही याच घराण्यातलं इंजिन होतं. नव्वदच्या दशकात आलेल्या इसुझू इंजिनाला पुढचं सगळं लागू होणार नाही.

या इंजिनाच्या मूळ रचनेत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. तिथे क्रँकवर चुडीसारखी खाच कोरलेली असते. क्रँक फिरताना ती ऑईल मागे येऊ देत नाही, चेंबरकडे परतवते. इंजिन थांबलं की हे परतवणंही थांबतं, आणि गाडी चढावर तोंड करून उभी असेल तर दोन-चार थेंब खाली येतात. तो आजार नव्हे, ती रचनाच तशी आहे. त्यामुळे "सील गेलंय" असं कुणी म्हटलं, तर कोणतं सील, हे आधी विचारा.

शोध नेहमी वरून सुरू करा. ऑईल स्वतःच्या वजनाने खाली जातं आणि चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हाच मुख्य संशयित. पण इंजिन वर्षानुवर्षांच्या काळ्या थराने माखलेलं असेल, तर काहीच कळणार नाही. थंड इंजिन डिग्रीझर आणि ब्रशने स्वच्छ करा. डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, कार्ब्युरेटर प्लॅस्टिकने झाका आणि सगळं नीट सुकू द्या. मग संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. गळतीच्या जागी पावडरीवर काळी रेघ उमटते. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका, घोड्या लावा.

पॅकिंगला हात लावण्याआधी ब्रीदर पाहा. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा गॅस क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जाण्यासाठी ब्लॉकच्या बाजूच्या झाकणावर ब्रीदरची नळी असते, आणि टॅपेट कव्हरवरून एक होज एअर क्लीनरकडे जातो. या वाटा गाळाने बुजल्या की शिटी अडकलेल्या कुकरसारखा दाब साठतो आणि जो सांधा कमजोर, तिथून ऑईल बाहेर पडतं. अशा वेळी नवं पॅकिंगही टिकत नाही. ब्रीदर मोकळा असूनही ऑईल भरायच्या तोंडातून गॅसचे जोरदार फवारे येत असतील, तर कॉम्प्रेशन तपासा. बहुधा रिंगा झिजल्या आहेत. डिपस्टिकवर ऑईल वरच्या खुणेच्या वर गेलंय का, तेही बघा. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० सारखं जाडसर ऑईलच मानवतं.

टॅपेट कव्हर गळतं ते बहुतेक वेळा नट फार आवळल्यामुळे. पत्रा वाकतो, कॉर्कचं पॅकिंग मध्ये दबतं आणि कोपऱ्यांत उघडं पडतं. कव्हर काढून सपाट जागेवर ठेवा, कडा सरळ करा, नटांखालची रबरं बदला आणि बेतानेच आवळा. तिथलं ऑईल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत असेल तर केबिनमध्ये जळका वास येतो; त्यात आगीचा धोका आहे, ते काम लांबवू नका. मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकला दोन छोटी झाकणं आहेत, तीही गळतात. मॅनिफोल्ड काढल्याशिवाय तिथे नीट हात पोचत नाही, म्हणून मेकॅनिक ती टाळतात. ऑईल फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग खाचेतच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसवली जाते, मग प्रेशरने तिथून ऑईल बाहेर उसळतं. टोकदार हत्याराने ती जुनी रिंग उचकटून काढायलाच हवी. सिलिकॉनचा मारा तर कुठेच करू देऊ नका. आत सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीत अडकले, तर बेअरिंगांना ऑईल मिळत नाही.

एवढं करूनही बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब येत राहिले, तर त्या भोकातली सैल स्प्लिट पिन हलवून ते मोकळं ठेवा, म्हणजे ऑईल आत साठून क्लच प्लेटपर्यंत जाणार नाही. क्लच घसरत नसेल आणि डिपस्टिकवरची पातळी टिकत असेल, तर तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल, तेव्हा मागचं सगळं एकदाच तपासून घ्या.