थेंबाचा नव्हे, जॉबचा हिशेब

कासारवाडी, पुणे ३४

चि. सायली,


चाकणला टायटॅनियमच्या जॉबवर फ्लड कूलंट बंद करून एमक्यूएल (अगदी थोड्या तेलाचं वंगण) आणायचं काम तुझ्यावर सोपवलंय, असं तुझ्या बाबांनी सांगितलं. बरं वाटलं. पण मशीनवाल्याला ऑर्डर देण्याआधी माझं थोडं ऐक. तेल किती वाचलं, एवढ्यावर समाधान मानू नकोस. एक पास झालेला जॉब हातात पडेपर्यंत तेल, पाणी, वीज, इन्सर्ट आणि कचरा मिळून किती गेलं, ते मांड.

टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू उष्णता वाहून नेण्यात फार आळशी, साध्या पोलादाच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. पोलाद कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते. इथे ती इन्सर्टच्या धारेवरच साचते. इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूची खोड निराळी. टूल नुसतं घासलं तरी त्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि पुढच्या पासला इन्सर्टला नेमकी कापाच्या खोलीवर खाच पडते.

फ्लडमध्ये मिनिटाला कित्येक लिटर कूलंट फिरतं. एमक्यूएलमध्ये हवेच्या झोतातून तासाला साधारण ५० मिली तेल जातं, म्हणजे अर्धा कप चहाही नाही. ते वंगण उत्तम देतं, पण गारवा बेताचा, आणि चिप धुऊन काढणं त्याला जमत नाही. म्हणून हलक्या फिनिशिंग मिलिंगवर खुशाल लाव. खोल ड्रिलिंग आणि रफिंगला घाई नको. तिथे टूलमधून ७० बारनं येणारी कूलंटची धार पंपाची वीज खाते, पण इन्सर्ट वाचवत असेल तर तीच स्वस्त. इन्सर्टचं कार्बाइड म्हणजे खाणीतून काढलेलं टंगस्टन आणि कोबाल्ट. अवेळी जळालेला इन्सर्ट हाही कचराच. अभियंता फ्रेडरिक टेलरनं १८८० च्या दशकात अमेरिकेत टूलवर पाण्याची धार सोडून कापण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढवला होता. ते पाणी हौसेनं आलेलं नाही; काढायचं तर त्याचं काम कोण करणार, हे आधी ठरव.

द्रवरूप नायट्रोजनवाले येतील. उणे १९६ अंश, मागे तेलाचा टिपूसही नाही, हे खरं. पण तो बनवायला वीज लागते, आणि एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद शेडमध्ये तो ऑक्सिजन हटवतो; तिथे ऑक्सिजन मोजणारं यंत्र नसेल तर त्यांना चहा पाजून परत पाठव. एरंडेल, करंज यांसारखी वनस्पती तेलं धातूला छान धरतात, लवकर पेटत नाहीत. मात्र हवेनं घट्ट होऊन स्लाइडवर चिकटतात. पुसायची शिस्त असेल तरच घे.

टायटॅनियमची बारीक कोरडी चिप पेट घेते. एमक्यूएलवर ती पाण्यात भिजलेली नसते, वर तेल लागलेलं असतं. ढीग साचू देऊ नकोस. आग लागलीच तर पाणी मारायचं नाही. धातूच्या आगीची कोरडी पावडर शेजारी हवी, आणि रात्रपाळीच्या पोरांना ती कुठे आहे हे ठाऊक हवं.

आधी मात्र आहे ती कूलंटची टाकी नीट कर. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाक, आकड्याला कूलंटच्या डब्यावरच्या गुणकानं गूण आणि नोंदव. नुसतं पाणी ओतून पातळी भरू देऊ नकोस. पाण्यात तेल घालून पातळ मिश्रणच टाकायचं. वर तरंगणारं स्लाइडचं तेल रोज काढ. त्याच्याखाली जिवाणू माजतात, सोमवारी शेडभर कुजका वास सुटतो आणि ऑपरेटरच्या हातांना खाज येते. निगा राखलेली टाकी बराच काळ टिकते, म्हणजे ओतून द्यायची वेळच कमी येते.

आणि ओतायचं गटारात नाही. इथे आमच्या बाजूला पवना आहे; तुमच्या एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला भामा. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं तेल अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचं. त्याची पावती फाइलला लागली का, हे स्वतः बघ.

आता कामाचं. एकच जॉब, एकच इन्सर्ट, तोच वेग आणि फीड ठेवून दोन्ही पद्धती दोन-दोन आठवडे चालव. प्रत्येक धारेवर किती जॉब निघाले, किती रिजेक्ट झाले, लिहून ठेव. साहेबांसमोर मत नको, तो तक्ता ठेव. त्यात फ्लडच जिंकलं तरी संकोचू नकोस. खात्यात लोकांचा विश्वास बसतो तो असाच.

जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
आत्या