वाट अडविणारा अतिरिक्त दात आणि छोट्या छेदाची शस्त्रक्रिया

वरचे मधले पटाशीचे कायमचे दात साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी येतात. कधी त्यांपैकी एक येतो, दुसरा येत नाही. वेदना वा सूज नसल्याने पालक वाट पाहत राहतात. परंतु जोडीचा दात सहा महिने उलटूनही न दिसल्यास क्ष-किरण चित्र अवश्य घ्यावे; त्याची वाट एखाद्या अतिरिक्त दाताने अडविलेली असू शकते.

कायमच्या दातांबरोबर असे दात सुमारे १ ते ३ टक्के लोकांत आढळतात. मुलींपेक्षा मुलांत अधिक. वरच्या दोन मधल्या दातांच्या मध्ये असणारा 'मेसिओडेन्स' हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. तो बहुधा लहान, शंकूच्या आकाराचा आणि कित्येकदा उलटा, म्हणजे टोक नाकाकडे असलेला असतो. त्यामुळे शेजारचे दात अडतात, फिरतात किंवा त्यांत फट पडते. क्वचित सिस्ट होते अथवा शेजारच्या मुळाची झीज होते.

शस्त्रक्रियेचे निम्मे यश दाताची जागा अचूक ठरविण्यात आहे. दोन निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण चित्रे घ्यावीत. यंत्राची नळी ज्या दिशेने सरकविली त्याच दिशेने अतिरिक्त दात सरकलेला दिसला, तर तो टाळूच्या बाजूस आहे असे समजावे. शंका उरल्यास कोन बीम सीटी करावा. मात्र मुलांच्या बाबतीत किरणोत्सर्गाचे भान ठेवून, आवश्यक तेवढ्याच भागाचा.

जागा निश्चित झाली की हिरडी थोडीच उचलून, हाडात लहान खिडकी पाडून दात काढता येतो. येथे सूत्र एकच : अधिक हाड कापण्याऐवजी दाताचेच तुकडे करावेत. पीझो उपकरण श्राव्यातीत कंपनांनी हाड कापते व मऊ ऊतींना इजा कमी करते. त्याला वेळ मात्र अधिक लागतो. उष्णतेने हाड दुखावू नये म्हणून सलाइनची धार अखंड हवी. जवळच असलेल्या कायमच्या दाताच्या मुळास धक्का लागता कामा नये.

प्रत्येक अतिरिक्त दात काढलाच पाहिजे असे नाही. खोलवर असलेला, निरुपद्रवी दात नियमित तपासणीखाली ठेवता येतो. अडथळा करणारा दात मात्र वेळीच काढल्यास, पुरेशी जागा असेल तर अडलेला दात पुष्कळदा आपोआप खाली येतो. विलंब झाल्यास तो तारेने ओढून आणण्याची वेळ येऊ शकते. म्हणून पालकांनी मुलांचे दात मोजावेत आणि बालरोगतज्ज्ञांनी तपासणीत तोंडाकडेही लक्ष द्यावे.