नायट्रोसोयुरिया : कॅप्सूलमधलं औषध, कॅप्सूलमधलं विष



परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतला एक मुलगा अभिमानाने म्हणाला, "बाई, आजोबांच्या गोळ्या मीच काढून देतो." आजोबांना मेंदूची गाठ आहे. वर्गाने टाळ्या वाजवल्या, माझ्या मात्र पोटात गोळा आला. म्हणून आज लोमुस्टिन या औषधाची ओळख करून घेऊ या.

हे काय आहे?
युरिया म्हटलं की आपल्या पोरांना खताची गोणी आठवते. युरियाच्या रेणूला नायट्रोजन-ऑक्सिजनचा 'नायट्रोसो' गट जोडला, की नायट्रोसोयुरिया कुटुंब तयार होतं. नाव सारखं, पण गुण पार वेगळे. लोमुस्टिन याच कुटुंबातलं. अमेरिकेत १९७६ साली त्याला औषध म्हणून मंजुरी मिळाली.

गुणधर्म
• फिकट पिवळी पूड. दिसायला अगदी निरुपद्रवी.
• पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये आणि चरबीत विरघळते. म्हणूनच ती मेंदूपर्यंत पोहोचते.
• ४० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता तिला चालत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घरात हे लक्षात ठेवायलाच हवं.

काम कसं करतं?
शरीरात हा रेणू फुटतो आणि त्याचे तुकडे पेशीतल्या डीएनएला चिकटतात. डीएनएचे दोन धागे एकमेकांना बांधले जातात, मग पेशीला विभागताच येत नाही. कर्करोगाची पेशी अशी मरते. पण बघा, रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही सतत विभागत असते. तिलाही तोच मार बसतो. म्हणजे जो गुण औषधाचा, तोच विषाचा!

धोके
हे औषध साधारण ६ आठवड्यांतून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. फसवी गोष्ट अशी, की रक्तातल्या पेशी लगेच घटत नाहीत, ४ ते ६ आठवड्यांनी घटतात. आज बरं वाटतंय म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. फुप्फुसांनाही इजा होऊ शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लोमुस्टिनला 'बहुधा कर्करोगकारक' गटात, म्हणजे २अ मध्ये ठेवलं आहे.

घरात काय करावं?
१. कॅप्सूल उघडू नका, फोडू नका, चावू नका.
२. देणाऱ्याने हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने हात लावू नये.
३. पूड अंगावर सांडली तर लगेच साबण-पाण्याने धुवा.
४. औषध कुलपात ठेवा. पुढच्या डोसची तारीख कॅलेंडरवर मोठ्या माणसानेच लिहावी.
५. उरलेलं औषध कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका, रुग्णालयात परत द्या.
६. मुलाने गिळलंच, तर घरगुती उपाय नकोत. पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

वर्गात काय घ्यावं?
घरून गोळ्या आणायला मुळीच सांगू नका. फळ्यावर औषधाच्या पाकिटाचं चित्र काढा. नाव, मात्रा, मुदत आणि इशारा मुलांकडून वाचून घ्या.

त्या मुलाच्या आईला मी शाळेत बोलावलं. आता गोळी आई देते. पोरगं आजोबांना पाणी आणून देतं आणि कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवतं. सेवा थांबली नाही, फक्त वाटणी बदलली. तुमच्या वर्गातही एकदा विचारून बघा, घरात औषध कोण देतं?