सगळं अंग दुखणाऱ्या पेशंटला हातोडी कशी लावावी

पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया ‘डोक्यापासून पायापर्यंत अंग ठणकतं’ म्हणत दवाखान्यात येतात. कष्टाचंच दुखणं म्हणून गोळ्या देऊन वाटेला लावू नका. दुखणं 3 महिन्यांहून जुनं आणि अंगभर असेल, तर रबरी हातोडी काढा.

पेशंटला टेबलाच्या कडेला बसवा, पाय लोंबते राहू द्या. गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली हातोडी तिच्या वजनानं पडू द्या, मारू नका. दुखेल या धास्तीनं बाई मांडी आखडून धरते, मग पाय हलत नाही. अशा वेळी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि त्याच क्षणी ठोका द्या. कोपरावर आधी स्वतःचा अंगठा ठेवून त्यावर ठोका, म्हणजे कळ कमी लागते. डावं-उजवं ताडून पाहा.

टाचेवर घाई नको. पाऊल झटक्यानं खाली जातं, पण परत येताना रेंगाळतं का? तसं दिसलं तर थायरॉईड तपासा. अंगदुखीचं हे बरं होणारं कारण हमखास निसटतं. दोन्ही टाचांना झटकाच नसेल तर साखर आणि बी-12 बघा. एकाच बाजूला नसेल तर कमरेत नस दबली असण्याची शक्यता. झटके फार जोरात येत असतील आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेनं रेघ ओढल्यावर अंगठा वर उठत असेल, तर मानेत मज्जारज्जू दबल्याची शंका घ्या. चाल डळमळली किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी लोणी किंवा विळद घाटाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवा.

सगळे झटके नीट आले तरी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य कृपा करून तोंडातून काढू नका. हातोडी स्नायूच्या ताणाची वाट तपासते, वेदनेची नाही. वेदनेची वाट तपासायला संशोधक घोट्यामागच्या नसेला विजेचे बारीक झटके देतात आणि मांडीच्या मागचा स्नायू किती करंटला आखडतो ते मोजतात. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट दुखण्याच्या आजाराच्या पेशंटमध्ये तो सरासरी कमी करंटलाच आखडतो, म्हणजे मज्जारज्जूच वेदना वाढवून पुढे धाडतो. मात्र निरोगी माणसांचे आकडेही त्यात मिसळतात, म्हणून एकट्या पेशंटचं निदान त्यावरून करत नाहीत. त्यासाठी पेशंटला पुण्या-मुंबईला पळवू नका.

केसपेपरवर प्रत्येक झटक्यापुढे 0 ते 4 आकडा लिहा. 2 म्हणजे नेहमीसारखा. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, बाई गावी परतली की पुन्हा तपासा आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहा.